वन्संची टीप

माझ्या नणंदेने शिवलेलं उसवत नाही. ही स्तुती नाही, तक्रार आहे. माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांनी उशांचे चार अभ्रे शिवून दिले होते. रंग उडाला, कापड इतकं विरलं की आतली उशी दिसते, पण कडेचा एक टाका हललेला नाही. फाटलं म्हणून फेकावं तर फाटत नाहीत, आणि न फाटलेले फेकले तर त्या विचारणार. मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही हे मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तोंडातून निघालं, त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर दुसरं काही म्हणायची माझी छाती झाली नाही.

वन्सं मोटारींची सीट कव्हरं शिवतात. बत्तीस वर्षं झाली. टायरवाल्याच्या आणि बॅटरीवाल्याच्या मध्ये त्यांचं दुकान आहे, आणि रुंदी एवढीच की कापायचं टेबल मांडल्यावर माणसाने तिरकं होऊन आत शिरावं. भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या, हवेत चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, आणि मधोमध जाड सुईचं मशीन. त्या मशीनला वन्सं सोडून कुणी हात लावत नाही. त्यांच्या काळ्या मुठीच्या कात्रीलाही नाही. एकदा मी त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली होती. तो विषय आमच्या घरात अजून निघतो.

स्वतःची गाडी त्यांच्याकडे नाही, चालवताही येत नाही. पण कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी ती वन्संच्या दुकानासमोर आणून उभी करतो. बाकीचे लोक बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, रंगावरून हात फिरवतात. वन्सं दार उघडतात, खाली गुडघे टेकतात आणि पुढची सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळात बोटं घालतात. खडूचे तुकडे, केसांच्या पिना, बिस्किटाचा चुरा निघाला तर म्हणतात, "पोराबाळांची गाडी आहे. घ्या." सुकलेला गाळ निघाला की उठून हात झटकतात. "ही पाण्यात बुडाली होती. आता कितीही पॉलिश मारू दे." मग ड्रायव्हरच्या सीटची कड बघतात. गाडी फार चाललेली नाही असं विकणारा शपथेवर सांगत असतो, आणि कड पार दबलेली असते. "मीटर मागे फिरवता येतो," वन्सं म्हणतात, "बूड मागे फिरवता येत नाही."

आमची गाडी त्यांनीच पसंत केली. आमच्या ह्यांचं मन एका लालचुटूक गाडीवर बसलं होतं. वन्संनी तिच्या रुळातून मूठभर गाळ काढून सख्ख्या भावाच्या तळहातावर ठेवला आणि विषय संपवला. मग ही करडी आली. अकरा वर्षांची, आम्ही तिचे तिसरे मालक. हॉर्न घोगरा, मागची एक काच हाताने ढकलल्याशिवाय वर जात नाही. पण पहिल्या मालकाने हौसेने सगळ्यात वरचं मॉडेल घेतलेलं आणि रुळात फक्त खडू. वन्संनी तिला गडद निळी कव्हरं शिवून दिली, अर्थात दुहेरी टिपेची. ओळ संपली की तीन टाके मागे यायचं, गाठ पक्की करायची, आणि शेजारून दुसरी ओळ मारायची. "एक टीप कापडासाठी, दुसरी माझ्यासाठी," असं त्या म्हणत. बाजारात त्यांना डबलटीप म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं नाही, तोंडावरच म्हणतात, आणि त्यांना ते आवडायचं.

हे सगळं त्या सोमवारपर्यंतचं.

त्या दिवशी डेंटर त्यांच्या दुकानात एक सुटी सीट घेऊन आला. डेंटर म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारा, वन्संचा जुना ओळखीचा. एका गाडीला बाजूने टेम्पोने धडक दिली होती. सीट बदलायची होती, कव्हर मात्र धडधाकट होतं, तर तेच काढून दुसऱ्या सीटवर चढवा, असं त्याचं म्हणणं. ते सांगताना तो कौतुकाने म्हणाला, "मानलं बाई तुम्हाला. आत एअरबॅग फुटून बसलीय, पण तुमचा एक टाका सुटला नाही."

वन्सं म्हणाल्या, "कुठली एअरबॅग? ती तर समोर असते."

"समोर असते तशी बाजूलाही असते. वरच्या मॉडेलला. सीटच्या दाराकडच्या कडेत घडी करून ठेवलेली. बाजूने धडक बसली की सीट फाडून बाहेर येते, माणूस आणि दार यांच्या मध्ये." त्याने सीट आडवी केली. कडेला कव्हराच्या आत एक भला मोठा फुगवटा होता. "ही बघा, निघाली, पण बाहेर यायला वाटच नाही. कव्हराने धरून ठेवली."

वन्संनी विचारलं, "माणूस?"

"बाई होत्या. वाचल्या. खांदा आणि तीन बरगड्या."

वन्संनी कव्हराची दाराकडची बाजू उलटी केली. आत, मूळ सीटच्या कडेला, अंगठ्याएवढी कापडी पट्टी होती आणि तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'एअरबॅग' लिहिलेलं. ती पट्टी त्यांना चांगली आठवत होती. कंपनीचं नाव असेल असं वाटून, लोंबते, बरी दिसत नाही, म्हणून त्यांनी ती नीट आत दाबून वरून टीप मारली होती. एक नव्हे, दोन.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. "गाडी घेऊन ये." बावीस वर्षांत वन्संनी मला कधी गाडी मागितली नव्हती. मी कारण न विचारता अर्धी रजा टाकली.

त्या बाईंच्या घरी आम्ही दोघी गेलो. डेंटरने पत्ता दिला होता. त्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला, श्वास मोजूनमापून घेत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. मला वाटलं होतं, वन्सं विचारपूस करतील, फळं ठेवतील, निघू. वन्संनी फळं आणलीच नव्हती. त्या उभ्या राहूनच म्हणाल्या, "तुमच्या गाडीची कव्हरं मी शिवली. बाजूची बॅग माझ्या टिपेमुळे उघडली नाही. मला माहीत नव्हतं, पण शिवलं मीच. ते तुम्हाला सांगायला आले."

मी मनात म्हटलं, आता ही बाई ओरडेल, नवऱ्याला हाक मारेल, पोलिसांचं नाव काढेल. तिने तसं काही केलं नाही. तिने वन्संच्या हातांकडे बघितलं आणि एकच विचारलं.

"अशा अजून किती गाड्या आहेत?"

वन्संचा चेहरा पडला; असं त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. घाव कुणाला कुठे लागेल सांगता येत नाही. शिव्या त्यांनी ऐकून घेतल्या असत्या. हा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गाडीत बसला, दुकानापर्यंत आला आणि पुढचे सात आठवडे हलला नाही.

दुकानात मागच्या भिंतीला एक लांब तार आहे. प्रत्येक गाडीच्या कव्हराची उरलेली चिंधी वन्सं त्या तारेत ओवतात आणि चिंधीच्या मागे बॉलपेनने गाडीचं मॉडेल आणि मालकाचा फोन लिहितात. पुढे कधी कव्हराला ठिगळ लागलं तर रंग जुळवायला. त्यांनी तार उतरवली, टेबलावर पसरली, आणि आम्ही दोघी चिंध्या वेचत बसलो. कुठल्या मॉडेलला ती पट्टी असते हे त्यांच्या बोटांना आठवत होतं, कारण प्रत्येक वेळी ती आत दाबायला त्यांना त्रास झाला होता. संध्याकाळपर्यंत, त्या बाईंची आणि आमची सोडून, सव्वीस चिंध्या बाजूला निघाल्या.

"सव्वीस," वन्सं म्हणाल्या. "सगळ्या उघडायच्या."

मी म्हटलं, "वन्सं, यातल्या अर्ध्या गाड्या विकल्या गेल्या असतील."

"मग घेणारे कुठेतरी असतीलच ना? हवेत विरून तर नाही गेले."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या इंजिनियर मुलीने वन्संना सगळं दाखवलं. अशा सीटचं कव्हर शिवायचंच तर त्या कडेला मुद्दाम कच्ची टीप असते, खास दोऱ्याची, धक्का बसला की फाटणारी, आणि तिचीही चाचणी झालेली असते. वन्सं दुकानात आल्या आणि कच्ची टीप मारायला बसल्या. मी आयुष्यात इतकं गमतीचं आणि इतकं वाईट काही बघितलं नाही. बारीक दोरा घातला, टाका मोठा केला, ओळ मारली, आणि शेवटाला हात आपोआप तीन टाके मागे आला. पुन्हा मारली, पुन्हा तेच. तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ओढ." मी पाय टेकवून ओढला, तुटला नाही. सात तुकडे झाले. आठवा त्यांनी मारलाच नाही. मशीनवर कापड झाकलं आणि म्हणाल्या, "माझ्या हाताचा भरवसा नाही. त्या बाजूला शिवणच नको. कापून मोकळं करायचं, पट्टी बाहेर दिसली पाहिजे."

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. अंगणात उभ्या असलेल्या गाडीत वाकून, दार उघडं ठेवून, बराच वेळ काहीतरी करत होत्या. मी चहा घेऊन गेले तोवर त्या कात्री पुसत होत्या. ड्रायव्हरच्या सीटला दाराच्या बाजूने लांब खिडकी कापली होती आणि त्यातून ती अंगठ्याएवढी पट्टी बाहेर डोकावत होती. "तुझी सीट झाली," म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि चहा दिला.

दुसऱ्या दिवसापासून वन्सं पुढे बसायला लागल्या. इतकी वर्षं त्या मागे बसत, शेजारी गाठोडं ठेवून. पुढे बसलं की ब्रेक आपल्यालाच दाबावासा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. आता मात्र कुणाला पुढे बसूच देईनात. रविवारी आमचे हे पुढचं दार उघडायला गेले तर म्हणाल्या, "तू मागे." सहा फुटी माणूस गुडघे हनुवटीला लावून मागे बसला आणि घरी येऊन मला म्हणाला, "ताईला आता गाडीत मान पाहिजे." मलाही तसंच वाटलं. त्याहून कहर म्हणजे दुकानात उतरताना त्या रेक्झिनची एक जाड गुंडाळी पुढच्या सीटवर उभी करायच्या आणि तिला पट्टा लावायच्या. "हलवू नकोस. माप बिघडेल." गुंडाळीचं कसलं माप बिघडतं? पण वन्संशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, भिंत बरी. मी त्या गुंडाळीला शेजारी घेऊन ऑफिसला जाऊ लागले. सिग्नलला लोक बघायचे.

आणि मग सुरू झाली आमची वणवण. रोज माझं ऑफिस सुटलं की, आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून. पहिल्या काही दिवसांत लक्षात आलं की सत्य सांगणं ही किती अवघड कला आहे. वन्सं फोन करून म्हणायच्या, "मी तुमच्या गाडीची कव्हरं शिवली होती. ती कापायला यायचंय, पैसे नकोत." चारातले दोन लगेच फोन ठेवत. एकाने विचारलं, "नवीन कव्हरं खपवायची युक्ती का?" एका बाईंनी तर दारातच अडवलं. "इतकी छान शिवण आहे, दोन वर्षांत एक धागा निघाला नाही, आणि तुम्ही ती फाडायला आलात?"

वन्सं म्हणाल्या, "धागा निघत नाही म्हणूनच आले."

जे नाही म्हणत त्यांच्या दारात त्या पुन्हा जात. तिसऱ्यांदा जात. सोबत त्यांनी डेंटरकडून ते धडक बसलेल्या सीटचं कव्हर मागून घेतलं होतं, आत अडकलेल्या बॅगेसकट. बोलून उपयोग झाला नाही की त्या ते समोरच्याच्या हातात द्यायच्या आणि "हे कव्हर घातलेल्या सीटवर एक बाई होती" एवढंच म्हणायच्या. मग लोक गाडीची किल्ली आणायला आत जात.

विकलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. पहिल्याने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने मेहुण्याला दिली, मेहुण्याने बदली झाल्यावर तिसऱ्याच्या गळ्यात मारली. जाहिरातीत प्रत्येकाने ठळक लिहिलेलं, सीट कव्हर उत्तम. एक गाडी चार तासांवरच्या गावी निघाली. त्या वाटेवर आमच्याच करडीचा पारा चढला. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ. मी गाडी सावलीला घेतली, इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही हे वन्संना तीनदा बजावलं, आणि बघते तर रेडिएटरच्या रबरी नळीला चीर. वन्संनी रेक्झिनची पट्टी कापली, सोल्यूशन लावलं, नळीभोवती घट्ट गुंडाळली आणि वरून मेणाच्या दोऱ्याने आवळून बांधली. मी पाणी भरलं. "ही मात्र उसवायला नको हं," मी म्हटलं. सात दिवसांत त्या तेव्हा पहिल्यांदा हसल्या. गाडी मुक्कामाला पोचली, परतही आली, आणि गॅरेजवाल्याने ती पट्टी सोडवताना दोन ब्लेडं मोडली.

खरा अडसर निघाला गाडीबाजारवाला. जुन्या गाड्या घेऊन विकणारा, गावाबाहेर पत्र्याच्या कुंपणात चाळीस गाड्या. सव्वीसपैकी दोन त्याच्याकडून पुढे गेल्या होत्या आणि कुणाला विकल्या ते तो सांगेना. "गाडी फाटकाबाहेर गेली की आमचा तिचा संबंध संपला, बाई. गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगणार? गाडीत दोष आहे?"

"गाडीत नाही. माझ्यात."

"तो फरक गिऱ्हाइकाला कळत नाही."

वन्संनी वाद घातला नाही. फाटकाच्या आतच एक स्टूल होतं, त्यावर बसल्या. मला वाटलं, थकल्या. तेवढ्यात एक नवरा-बायको गाडी बघायला आले. वन्सं उठल्या, गुडघे टेकले, रुळात बोटं घातली आणि म्हणाल्या, "घ्या, चांगली आहे." मालक खूश झाला. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच हातांनी गाळ काढून दाखवला. मालकाचा चेहरा बदलला. त्याने त्यांना जायला सांगितलं. "जाते," वन्सं म्हणाल्या, "दोन फोन नंबर दे." त्या दिवशी मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाटक उघडायच्या आधी हजर. खोटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, चांगल्या गाडीला चांगलंच म्हटलं. दुपारी बारापर्यंत पाच गाड्या बघून झाल्या होत्या, तीन खपल्या होत्या आणि दोन कायमच्या नजरेतून उतरल्या होत्या. मालक एका कागदावर दोन नंबर लिहून घेऊन आला.

"उद्या येऊ नका," तो म्हणाला.

"काम काय आता माझं?" वन्सं म्हणाल्या, आणि जाता जाता त्याला सांगितलं की कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीची किंमत त्याने कमी लावलीय.

असे दिवस गेले. सव्वीसमधल्या दोन भंगारात गेल्या होत्या. वन्संनी भंगारवाल्याकडे जाऊन त्या डोळ्यांनी बघितल्या, तेव्हाच त्या चिंध्या पुन्हा तारेत ओवल्या. एका गाडीत तान्ह्या बाळाची सीट मागे बांधलेली होती. ते कव्हर कापल्यावर वन्संनी त्या बाळाच्या सीटचा पट्टा दोनदा ओढून बघितला.  त्या सात आठवड्यांत मला ही बाई जितकी आवडली तितकी आधीच्या बावीस वर्षांत आवडली नव्हती, हे मी इथे सांगून टाकते. तोंडावर सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, "रस्त्याकडे बघ."

शेवटची एक चिंधी राहिली, विटकरी रंगाची. चार हात बदलून ती गाडी एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेली होती. शनिवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी पोचलो. अंगणात जाड कापडाखाली गाडी झाकलेली. म्हातारबुवांनी कौतुकाने कापड ओढलं. गाडी आरशासारखी लख्ख. टायर चारही बसलेले.

"रोज पुसतो," ते म्हणाले. "चालत नाही. बॅटरी पाच महिन्यांपूर्वी गेली."

सात आठवडे जिच्यामागे धावलो ती जागची हललीच नव्हती. मला हसू आवरेना. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि कात्री काढली.

"अहो, चालतच नाही तर कापता कशाला?" पोस्टमास्तर म्हणाले.

"एक दिवस चालेल. आणि तुम्ही नवीन बॅटरी बसवा. उभी गाडी आणि बसलेला माणूस, दोन्ही लवकर गंजतात."

दोन्ही सीटा मोकळ्या झाल्या. विटकरी चिंधी वन्संनी ब्लाउजमध्ये खोचली. मला वाटलं, आता त्या बाईंना फोन करतील. दर आठवड्याला फोन करून उरलेला आकडा त्या बाईंना कळवायच्या, तीन वाक्यांत. आज शून्य सांगायचा होता. पण वन्संनी फोन काढला नाही. गाडीपाशी आल्यावर म्हणाल्या, "जरा पुढे त्या झाडाच्या सावलीत घे. अजून एक राहिलीय."

"सव्वीस झाल्या, वन्सं. मी मोजल्यात."

"सत्तावीस. आपली."

"आपली तर पहिल्यांदा केलीत."

"तुझी सीट केली," त्या म्हणाल्या. "ही राहिली."

मी वाकून बघितलं. पुढच्या डाव्या सीटची, त्यांच्या सीटची, दाराकडची कड निळी, सलग, दुहेरी टिपेची. एक टाका हललेला नाही. सात आठवडे, शेकडो मैल, हमरस्ते, ट्रक, टेम्पो, आणि ही बाई त्या शिवलेल्या कडेला टेकून माझ्या शेजारी बसली होती. म्हणून आमच्या ह्यांना मागे ढकललं होतं. म्हणून गुंडाळीला पट्टा, त्या नसतानाही तिथे कुणी बसू नये यासाठी.

"का?" मी विचारलं.

"लोकांची उघडल्याशिवाय माझी कशी उघडू? मला कळायला हवं होतं, ती माणसं कसल्या कडेला टेकून फिरतायत ते. रोज बसले की आठवायचं. विसरायची सोय नको होती."

मला भयंकर राग आला.  "आणि कुणी ठोकलं असतं तर? चालवत मी होते, वन्सं. तुम्हाला काही झालं असतं तर तुम्ही सुटला असता. मी काय घेऊन फिरले असते जन्मभर? तुमच्या भावाला काय सांगितलं असतं? लोकांच्या सव्वीस गाड्यांची काळजी केलीत. हे चाक कुणाच्या हातात आहे, त्याची केलीत?"

 वन्संचा चेहरा त्या दिवशी त्या बाईंच्या खाटेपाशी झाला होता तसा झाला.

"हे माझ्या लक्षात आलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पुन्हा तेच केलं मी."

मग त्यांनी ती काळ्या मुठीची कात्री माझ्यापुढे धरली. "घे. तू काप."

मी गुडघे टेकले. डोळ्यांत पाणी असताना दुहेरी टीप कापणं सोपं नाही. पहिली ओळ गेली तरी दुसरी धरून होती, आणि जिथे जिथे ओळ संपत होती तिथे तीन टाके मागे येऊन गाठ. वन्सं डोक्यावर उभ्या राहून सांगत होत्या, "वाकडी धरू नकोस, टोक खाली, खाली," आणि मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या गप्प बसल्या. शेवटी कड मोकळी झाली आणि आतून दबून चपटी झालेली ती पट्टी निघाली. मी बोटाने ती सरळ केली.

वन्संनी फोन लावला. "बाई, मी बोलतेय. तुम्ही विचारलं होतंत, अजून किती. आता एकही नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. वन्सं बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि दोनदा नुसतं "हो" म्हणाल्या.

मग त्या मागचं दार उघडून, गाठोडं शेजारी ओढून, आपल्या जुन्या जागी बसल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "आणि घरी गेल्यावर त्याला सांग, आता पुढे बसला तरी चालेल."